धरलेला सूर

सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा हा भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला तालुका. गांवाबाहेर कमलादेवीचें मोठें देऊळ आहे. अठराव्या शतकांत निंबाळकर घराण्यानें तें उभारलें. त्याच्या उंच दीपमाळा आणि शहाण्णव पायऱ्यांची विहीर पाहावयास आजही दूरदूरचे लोक येतात. महाराष्ट्रांत देवीच्या दारचें मानाचें वाद्य म्हणजे सनई-चौघडा. सनई वाजूं लागली म्हणजे ऐकणाराचें लक्ष राग आळविणाऱ्या वादकाकडे जातें, आणि तें साहजिकच आहे. परंतु त्याच्या शेजारीं दुसरा एक वादक बसलेला असतो. तो राग वाजवीत नाहीं, ताना घेत नाहीं. एकच सूर धरून तो बसून राहतो. गालांत सांठविलेली हवा सनईंत सोडीत असतांनाच तो नाकानें श्वास घेतो, आणि त्यामुळें त्याचा सूर क्षणभरही तुटत नाहीं. त्याच्याकडे कोणी पाहत नाहीं, त्याला कोणी वाहवा देत नाहीं. पण तो थांबला, तर रागाच्या पायाखालची जमीनच निघून जाते.

या धरलेल्या सुरापुढें नेहमीं दोन संकटें उभीं असतात. पहिलें संकट तो संपण्याचें. तार छेडली कीं नाद उमटतो आणि विझतो. श्वास सरला कीं फुंक थांबते. हें संकट उघड आहे, आणि त्यावर उपायही पुष्कळ झाले. दुसरें संकट अधिक सूक्ष्म आहे. सूर न संपतां जसाच्या तसा चालूं राहिला, तर कान त्याला विटतो आणि थोड्या वेळानें त्याची दखल घेईनासा होतो. पिठाच्या गिरणीची घरघर गिरणीवाल्याला ऐकूं येत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून सूर नुसता टिकवून भागत नाहीं. तो टिकून असतां त्याच्या पोटांत कांहींतरी हलतें ठेवावें लागतें. हें हलतें ठेवण्याची एक युक्ति आपल्याकडील कारागिरांनीं लांकूड, हाड आणि तार यांतून साधली. विसाव्या शतकांत वीजवाद्यें करणाऱ्यांनीं तशीच युक्ति विजेच्या लहरींतून साधली. या दोन युक्त्यांचें नातें पाहण्यासारखें आहे.

करमाळा तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी भीमा पुढें पंढरपूर-मंगळवेढ्याकडे जाते. त्या बाजूच्या शेतांतून कडू भोपळ्याचें पीक घेतात. हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो वेलावर पुरता जून होऊं देतात, उन्हांत वाळवितात आणि मग तो मिरजेस जातो. तेथें त्याचा तंबोरा होतो. सोलापूर जिल्ह्याच्या मातीचा हा एक भाग अशा रीतीनें हिंदुस्थानांतल्या अनेक गवयांच्या पाठीशीं उभा राहिलेला आहे.

मिरजेच्या या धंद्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें फरीदसाहेब नांवाचे शिकलगार राहत. तलवारी-भाल्यांना धार लावणें आणि झिलई देणें हें त्यांच्या घराण्याचें काम. इंग्रजी अंमल बसला आणि शस्त्रांचें काम आटलें. मिरजेस पटवर्धनांचें संस्थान होतें, आणि गाण्या-बजावण्याला तेथें आश्रय होता. वाद्यें दुरुस्तीस येऊं लागलीं, दुरुस्तीवरून तीं नवीं घडविण्याकडे मजल गेली, आणि पुढें या कारागिरांचें आडनांवच सतारमेकर झालें. पात्यावरून फिरणारा हात आतां तंबोऱ्याच्या घोडीवरून फिरूं लागला. धार ओळखणाऱ्या बोटांना घोडीच्या माथ्याचा केसभर उतार ओळखणें कठीण गेलें नसावें.

तंबोऱ्याचें सारें मर्म या घोडीच्या माथ्यांत आहे. इतर पुष्कळ वाद्यांत तार धारेसारख्या कडेवर टेकते, आणि तेथेंच तिची कांपण्याची लांबी ठरते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा किंचित उतरता असतो. तार कांपतांना त्या माथ्याला कोठें टेकेल हें प्रत्येक क्षणीं बदलतें. तारेखालीं सुताचा एक बारीक दोरा सरकविला म्हणजे ही टेकण्याची क्रिया नेमक्या ठिकाणीं आणतां येते. दोरा गव्हाभर इकडे किंवा तिकडे झाला, तर सूर बंद पडतो. बरोबर जागीं आला, तर तो उमलतो. या उमलण्यालाच जवारी म्हणतात. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. वीणेच्या तारेखालीं ठेवावयाच्या अशाच बारीक तुकड्याला त्यानें ‘जीवा’ असें म्हटलें आहे. नांव अगदीं सार्थ आहे. कारण धरलेल्या सुराचा जीव येथेंच असतो.

हा जीव म्हणजे नेमकें काय, याचा शास्त्रीय विचार १९२१ सालीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं केला. तो समजण्यास एक गोष्ट ध्यानांत घ्यावी लागते. वाद्याचा कोणताही सूर एकटा नसतो. तार सेकंदास शंभर वेळां कांपत असेल, तर तिच्यांतून दोनशे, तीनशे, चारशे अशा पटींतल्या कंपनांचे बारीक सूरही निघत असतात. यांना उपस्वर म्हणूं. खर्जाची तार उत्तम लागली म्हणजे तिच्यांतून न छेडलेला गंधार ऐकूं येतो आणि गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. तो पांचवा उपस्वर होय. कोणते उपस्वर किती जोरानें उमटतात यावरच सुराचा रंग ठरतो. सतार आणि सनई एकाच पट्टींत वाजल्या तरी वेगळ्या ओळखूं येतात, त्या या रंगामुळें.

आतां तारेविषयीं एक जुना नियम आहे. इंग्लंडांत यंग यानें आणि पुढें जर्मनींत हेल्महोल्ट्झ यानें तो सांगितला. तार जेथें छेडावी, त्या जागीं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदु येतो, तो उपस्वर उमटत नाहीं. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चवथा, सहावा असे सारे सम उपस्वर गळतात. एकतृतीयांशावर छेडली तर तिसरा, सहावा, नववा गळतात. रामन यांना आढळलें तें असें, कीं तंबोरा आणि वीणा हीं वाद्यें हा नियम पाळीत नाहींत. जे उपस्वर गळावयास हवेत तेही त्यांतून स्पष्ट ऐकूं येतात. याचें कारण तीच रुंद घोडी. तार तिला वारंवार टेकते आणि मूळ कंपनांतली शक्ति वरच्या उपस्वरांकडे वळविते. नाद विझत जातो तसतसा उपस्वरांचा हा मेळ बदलतो. एक वर येतो, दुसरा मागें पडतो. ऐकणाऱ्याला वाटतें कीं सूर एकच आहे. पण त्याच्या आंत सारखी वर्दळ चाललेली असते.

तंबोऱ्याला मात्र पहिल्या संकटांतून सुटका नाहीं. तो सारखा छेडावा लागतो. न छेडतां टिकणारा सूर घरोघर आणला तो पेटीनें. पॅरिसच्या दबें यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें, आणि १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनीं हातानें भाता चालवावयाची आटोपशीर पेटी केली. खालीं बसून गाणाऱ्या या देशाला ती फार सोयीची पडली. महाराष्ट्रांत तर संगीत नाटकाच्या उदयाबरोबर ती गांवोगांव पोंचली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकानें तिच्यावर गाण्याचीं वळणें काढून दाखविलीं. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या पदांना चाली याच टेंब्यांनीं दिल्या.

परंतु पेटीवर दुसरें संकट लगेच ओढवलें. पितळी पट्टी हवेच्या झोतानें एकाच तऱ्हेनें कांपत राहते. तिला जवारी नाहीं. यावर पेटी करणाऱ्यांनीं एक तोड काढली. एका सुराला दोन पट्ट्या बसवावयाच्या आणि त्यांपैकीं एक किंचित चढी लावावयाची. एक पट्टी सेकंदास २४० वेळां आणि दुसरी २४१ वेळां कांपली, तर दर सेकंदास एकदां त्यांचा जोर जुळतो आणि एकदां विरुद्ध जातो. सूर हळूच डोलूं लागतो. दोन माणसें एकच सूर गात असल्याचा भास होतो, कारण दोन माणसांचे सूर तंतोतंत कधींच जुळत नसतात. मात्र या उपायांत एक उणीव राहते. सर्व पट्ट्या एकाच प्रमाणांत चढ्या लावल्या, तर वरच्या सप्तकांत हा डोल दुप्पट वेगाचा होतो, आणि त्याच्याही वर तो थरथरूं लागतो.

रंगभूमीवर पेटीच्या जोडीला ऑर्गन आला. पायानें भाता चालवावयाचा, आणि भात्यानें हवा ढकलण्याऐवजीं आंत ओढून घ्यावयाची, ही त्याची रीत. त्यामुळें त्याचा आवाज पेटीहून मऊ आणि गोल. गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्वांच्या गाण्यामागें ऑर्गनचा भरदार सूर असे, आणि हरिभाऊ देशपांडे यांचें नांव त्या साथीशीं कायमचें जोडलें गेलें आहे. पुष्कळ ऑर्गनांत पट्ट्यांपुढें एक फिरता पंखा बसविलेला असे. त्याची खुंटी ओढली कीं पंखा फिरूं लागे आणि सुराच्या वाटेंत आड येऊन पुन्हा बाजूला होई. त्या खुंटीवर ‘मनुष्याचा कंठ’ या अर्थाचें लॅटिन नांव कोरलेलें असे. यंत्राच्या सुराला माणसाचा कंठ द्यावा, ही धडपड त्या एका नांवांत दिसून येते.

ती धडपड पुरेशी नाहीं, असा निवाडा खुद्द रेडिओनेंच दिला. ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्य संगीताचें काम पाहणारे जॉन फोल्ड्स यांनीं १९३८ सालीं हार्मोनियमवर कडक टीका लिहिली. ते स्वतः १९३९ सालीं वारले. पण १९४० च्या मार्चपासून पेटी रेडिओवरून बंद झाली, आणि ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप मुख्यतः दोन होते. पेटीचे सूर जागच्या जागीं खिळलेले, त्यांत मींड नाहीं आणि श्रुतींना जागा नाहीं, हा पहिला. तिचा आवाज कर्कश आणि निर्जीव, हा दुसरा. पहिल्या आक्षेपावर सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं फार आधींच विचार करून बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली होती; ती लोकांत रुजली नाहीं, ही गोष्ट वेगळी. दुसऱ्या आक्षेपाला मात्र उत्तर मिळावयास हवें होतें. यंत्राचा धरलेला सूर सजीव होऊं शकतो काय, हा प्रश्न रेडिओच्या बंदीनें तीस वर्षें सर्वांपुढें जागता ठेवला. त्याचें एक उत्तर विजेच्या वाद्यांतून आलें.

मुंबईच्या चित्रपटांतून वीजवाद्याचा सूर घरोघर पोंचला तो १९५४ च्या ‘नागिन’ बोलपटामुळें. त्यांतली गाजलेली पुंगी खरी पुंगी नव्हती. फ्रान्सच्या काँस्टंट मार्टिन यानें १९४७ सालीं तयार केलेल्या क्लॅव्हिओलिन या वाद्यावर ती कल्याणजी यांनीं वाजविली होती. या वाद्याचा मूळ आवाज जवळजवळ चौकोनी लहरीचा असे. विजेचा दाब एका क्षणीं पूर्ण वर आणि दुसऱ्या क्षणीं पूर्ण खालीं, मधलें कांहीं नाहीं, अशी ही लहर. वर राहण्याचा काळ आणि खालीं राहण्याचा काळ अगदीं समान असेल, तर तिच्यांत सर्व सम उपस्वर गळतात आणि आवाज क्लॅरिओनेटच्या खालच्या सप्तकासारखा पोकळ येतो.

येथें रामन यांच्या तारेची आठवण व्हावयास पाहिजे. मध्यावर छेडलेल्या तारेंतून सम उपस्वर गळतात, आणि समान भागांच्या चौकोनी लहरींतूनही सम उपस्वरच गळतात. हें साम्य योगायोगाचें नव्हे. वर राहण्याचा काळ एकतृतीयांश केला, तर तिसरा, सहावा, नववा उपस्वर जातात. एकचतुर्थांश केला, तर चवथा, आठवा आणि बारावा. तारेच्या बाबतींत जें काम छेडण्याच्या जागेचें, तेंच लहरीच्या बाबतींत स्पंदाच्या रुंदीचें. दोहोंचें गणित एकाच सूत्रावर उभें आहे. रुंदी फारच अरुंद केली तर सारे उपस्वर जवळजवळ सारख्या जोरानें उमटतात आणि आवाज नाकांतला, चिरका होतो.

तेव्हां सूर चालूं असतांनाच ही रुंदी हलविली तर काय होईल? गळालेल्या उपस्वरांची जागा सरकूं लागेल. आतां दुसरा गळाला होता, तो परत येतो, तिसरा निघून जातो, मग चवथा. खर्ज जागचा हलत नाहीं, पण त्याच्या आंत रंग फिरत राहतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तार टेकण्याची जागा सरकते, तेव्हां जें घडतें त्याच्या जातीचेंच हें घडणें आहे. इंग्रजींत या युक्तीला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात. मराठींत तिला स्पंदाची रुंदी डोलविणें म्हणतां येईल.

हें घडवावयास विजेच्या दाबानेंच विजेच्या लहरीवर हुकमत चालवितां आली पाहिजे. ही सोय अमेरिकेंत रॉबर्ट मूग यानें १९६४ पासून सिद्ध केली. त्याचें सिंथेसायझर १९६९ सालीं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंत आलें. डेव्हिड ट्यूडर यानें तें तेथें उभें करून दिलें, आणि गीता साराभाई यांच्यासह कांहीं भारतीयांनीं त्यावर प्रयोग केले. तो काळ प्रयोगाचाच होता. एका वेळीं एकच सूर निघे आणि तारांच्या जंजाळांतून तो जुळवावा लागे. अनेक सूर एकत्र धरणारीं वाद्यें सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बाजारांत आलीं. १९७८ चें प्रॉफेट-५ पांच सूर एकदम देई. १९८१ चें जपानी रोलंड ज्युपिटर-८ आठ सूर देई, आणि प्रत्येक सुरामागें त्यांत दोन लहरी असत. दोन्हींत स्पंदाची रुंदी डोलविण्याची सोय होती.

हें ज्युपिटर-८ फार लवकर मुंबईंत आलें. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे चरणजितसिंग यांनीं १९८२ सालीं त्यावर, आणि जोडीला रोलंडच्याच दोन लहान यंत्रांवर, दहा राग ध्वनिमुद्रित केले. भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे राग आणि खालीं यंत्राचा नाचरा ठेका. त्या वेळीं या तबकडीकडे फारसें कोणी लक्ष दिलें नाहीं. २०१० सालीं ती परदेशांत पुन्हा निघाली, तेव्हां अमेरिकेंत पुढें जन्मलेल्या एका नृत्यसंगीताची चाहूल तिच्यांत आधींच लागली होती, असें जाणकार म्हणूं लागले. चरणजितसिंग २०१५ सालीं वारले. यंत्राच्या सुरावर राग उभा राहूं शकतो काय, या प्रश्नाला मुंबईच्या एका वादकानें इतक्या लवकर हात घातला होता, ही गोष्ट इतिहासानें नोंदून ठेवण्यासारखी आहे.

परंतु रुंदी डोलविण्याच्या युक्तीची खरी थोरवी श्रीमंत वाद्यांत दिसली नाहीं. ती गरीब वाद्यांत दिसली. दोन लहरी असलेल्या वाद्याला पेटीचा उपाय उपलब्ध होता. एक लहर किंचित चढी लावली कीं सूर डोलूं लागे. १९८२ सालीं त्याच कारखान्यानें जुनो नांवाचीं स्वस्त वाद्यें काढलीं, त्यांत मात्र प्रत्येक सुरामागें लहर निर्माण करणारें साधन एकच होतें. एका साधनानें दोघांचें काम कसें व्हावें? येथें गणित मदतीस आलें. कोणताही चौकोनी स्पंद म्हणजे करवतीच्या दात्यांसारख्या दोन लहरींची वजाबाकी असते, आणि रुंदी म्हणजे त्या दोहोंमधलें अंतर. रुंदी बदलत असतां हें अंतर बदलतें, आणि जोंवर तें बदलत आहे तोंवर दोहोंपैकीं एक लहर किंचित चढी किंवा उतरी झालेली असते. म्हणजे एकाच साधनांतून दोन वादकांचा भास आपोआप निर्माण होतो. शिवाय पेटीची उणीव येथें उरत नाहीं. रुंदी एकाच गतीनें डोलत असेल, तर डोलाचा वेग खालच्या सप्तकांत आणि वरच्या सप्तकांत सारखाच राहतो. वरचे सूर थरथरत नाहींत. दुबळ्या वाद्याचा धरलेला सूर या युक्तीनें भरदार होऊन गेला.

अशा भरदार, मागें पसरून राहणाऱ्या सुराला वादकांच्या बोलींत ‘पॅड’ म्हणतात. आपल्या वाद्यवृंदांत पॅड म्हटलें कीं ठोकावयाचें वीजवाद्य डोळ्यांपुढें येतें. येथें त्याचा अर्थ गादी असा घ्यावयाचा. गाणें बसतें ती गादी. ती घालण्याची रीत वादकांनीं अनुभवानें ठरविली आहे. सूर एकदम उमटूं द्यावयाचा नाहीं. तो पहांटेसारखा हळूहळू वर यावा आणि किल्ली सोडल्यावर हळूहळू मावळावा. रुंदी निम्म्यापासून सुरू करून सातव्या-आठव्या हिश्श्यापर्यंत न्यावी आणि परत आणावी. या एका फेरीस दोन-तीन सेकंद लागावे. फेरी जलद केली तर सूर थरथरूं लागतो आणि गाण्यापेक्षां त्याच्याकडेच लक्ष जातें. रुंदी शून्यापर्यंत जाऊं दिली तर स्पंदच नाहींसा होतो आणि सुरांत खळगा पडतो. खर्जाच्या सुरांत डोल कमी ठेवावा, कारण त्यांत तो बेसूरपणासारखा भासतो. शेवटीं वरचे तीव्र उपस्वर गाळणीनें थोडे कापावे, म्हणजे गाणाऱ्याच्या कंठाला जागा मोकळी राहते. हे सारे नियम वाचतांना असें वाटतें कीं कोणी जुना तंबोरा-कारागीरच जवारीविषयीं सांगत आहे: फार उघडूं नका, फार मिटूं नका, गाणाऱ्यावर स्वारी करूं नका.

तंबोऱ्यालाही विजेनें सोडलें नाहीं. बंगळूरच्या राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेवर चालणारा तंबोरा केला. पुढें खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित सूर त्यांत भरले गेले, आणि आतां खिशांतल्या दूरध्वनीवरही तंबोरा वाजतो. शहरांतल्या लहान घरांत, पहांटे एकटाच रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला ही मोठीच सोय झाली. ती नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण ध्वनिमुद्रित सूर म्हणजे एका दिवशीं, एका तंबोऱ्यावर, एका हातानें लावलेली जवारी. ती पुन्हा पुन्हा तीच येते. ऐकणाऱ्याचा कान तिला हळूहळू पाठ करतो, आणि पाठ झालेली वर्दळ ही वर्दळ राहत नाहीं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. नांवाचें रक्षण त्यानें होईल. परंतु घोडीवर कानस किती फिरवावी आणि कोठें थांबावी हें कोणत्याही दाखल्यावर लिहून देतां येत नाहीं. तें कारागिराच्या कानांत असतें, आणि कान तयार होण्यास जन्म जातो. वीज हातांतलें काम घेईल, ही भीति खरी असली तरी लहान आहे. हातांतलीं कामें मिरजेनें पूर्वीही बदललीं आहेत. मोठी भीति ही, कीं जिवंत सूर कसा असतो हें ओळखणारा कानच उरणार नाहीं. मग यंत्रालाही चांगलें काय आणि वाईट काय हें कोणी सांगणार नाहीं. स्पंदाची रुंदी डोलविण्याची सोय यंत्रांत असते. ती किती डोलवावी हें यंत्र ठरवीत नाहीं.

यंत्राचा सूर निर्जीव असतो, हा रेडिओचा १९४० सालचा निवाडा निम्माच खरा ठरला. न बदलणारा सूर निर्जीव असतो, मग तो पितळी पट्टींतून निघो, विजेंतून निघो, कीं माणसाच्या गळ्यांतून निघो. आणि ज्याच्या पोटांत मोजकी वर्दळ आहे, तो सूर लांकडाचा असो वा विजेचा, कान त्याला आपलें म्हणतो. सनई-चौघड्यांतला तो दुसरा वादक एकच सूर धरून बसलेला दिसतो खरा. पण त्याच्या श्वासाच्या प्रत्येक वळणावर त्याच्या सुराचा रंग केसभर बदलत असतो. तो मुद्दाम कांहीं करीत नाहीं. तो जिवंत आहे, एवढेंच. भीमेच्या कांठचा भोपळा, मिरजेची कानस आणि जपानी वाद्यांतली डोलणारी लहर, हीं सारीं त्याच्याच त्या एका श्वासाला गांठूं पाहत आहेत.